बिल्ला क्रमांक बेचाळीस

लातूरच्या आडत बाजारातल्या आमच्या व्यापारी संघाचं एक मासिक निघतं. नाव 'आडत वार्ता'. पानं आठ. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्यावर अध्यक्षांनी कुणाचा तरी सत्कार केल्याचा, तिसऱ्यावर कुणी तरी अध्यक्षांचा सत्कार केल्याचा. चौथ्या-पाचव्या पानांवर दुकानांची उद्घाटनं, नीट परीक्षेत चमकलेली लेकरं आणि डाळीचे भाव. ते भाव अंक छापून होईपर्यंत बदललेले असतात. सहावं पान जाहिरातींचं, सातवं भावपूर्ण श्रद्धांजलीचं. आठवं मोकळं ठेवतो, कारण तिथं पत्ता चिकटवायचा असतो. सतरा वर्षं मी या मासिकाचा मानद संपादक आहे. पोटासाठी कॉलेजात मराठी शिकवतो. तिथंही माझ्याकडं कुणी लक्ष देत नाही, पण तिथं निदान हजेरी तरी घेता येते.

यंदा संघाला पन्नास वर्षं झाली. दिवाळीआधी अध्यक्ष भागवतशेठ म्हणाले, "सर, विशेषांक काढू. रंगीत. आणि येळवशीच्या सुट्टीचा इतिहास पायजे त्यात."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात घरात माणूस सापडत नाही. सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात, कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी खात आणि आंबील पीत असतात. शेत नसलेल्यालाही कुणी तरी बोलावतंच. आडत बाजारात त्या दिवशी हमालांना सुट्टी असते. एक मे झेंडा वंदन करण्यात जातो. हमाल आपली सुट्टी म्हणतात ती येळवशीलाच.

"इतिहास काय आहे?" मी विचारलं.

"बाबा एकदा येळवशीला शेतात बसले होते," भागवतशेठ म्हणाले. त्यांचे वडील रामकिशनशेठ संघाचे संस्थापक. "भज्जीचा घास तोंडाजवळ नेला अन् त्यांना हमालांची आठवण झाली. डोळ्याला पाणी आलं. घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. अर्धं पान करा सर. वाचणाऱ्याच्याही डोळ्याला पाणी यावं."

मी होय म्हणालो. सतरा वर्षांत मी नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नाही, मलाही नाही.

पण बाजारात काट्याच्या शेडमागे भिंतीत एक पाटी आहे. तिच्यावर 'कै. व्यंकटी, हमाल, बिल्ला क्र. ४२' आणि सत्त्याऐंशी सालच्या वेळा अमावस्येची तारीख. येळवशीच्या आदल्या दिवशी तिला हार घालतात. मला वाटलं, इतिहासात या माणसालाही एखादी ओळ द्यावी. म्हणून ऑक्टोबरच्या अंकात चौकट टाकली : 'कै. व्यंकटी यांच्याविषयी माहिती असणाऱ्यांनी संपादकांशी संपर्क साधावा.'

आठ दिवसांनी फोन आला.

"नमस्कार. मी व्यंकटी बोलायलोय."

"कोण व्यंकटी?"

"कैलासवासी."

कुणी तरी चेष्टा करतंय असं वाटून मी फोन ठेवणार होतो. तेवढ्यात पलीकडं खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना. चेष्टा करणारा माणूस एवढा खोकत नाही.

"अर्धापूरहून बोलायलोय सर. लातूरच्या डायव्हरनं तुमच्या पेपरात भाकरी गुंडाळून आणल्या होत्या. घरच्या मालकिणीला म्हनलं वाच, तर माझंच नाव. या की एकदा. मला आता बसचं झेपत न्हाई."

आमचं मासिक वाचलं जातं याचा सतरा वर्षांतला हा पहिला पुरावा.

अहमदपूर, लोहा, नांदेड करत एसटीनं गेलो. नांदेडहून अर्धापूरला दुसरी गाडी. केळीच्या वखारीला लागून पत्र्याची एक खोली होती, दारात वाळलेल्या केळीच्या पानांचा ढीग. आत बाजेवर सत्तरीला टेकलेला माणूस उशाला तीन उशा लावून बसलेला. खांदे अजून हमालाचे होते, बाकी सगळं गेलेलं. बायको सिंधू चुलीजवळ होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"बसा सर," व्यंकटी म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या घरचा चहा चालतो न्हवं?"

"गप बसा," सिंधू म्हणाली. "पाव्हण्याला पहिल्यांदाच भेवडून सोडायलाव."

मग त्यानं सांगितलं. मध्ये खोकला आला की सिंधू पुढं सांगायची, ती चुकली की हा हातानं थांबवायचा.

त्या काळात आडत बाजारात हमालाला सुट्टी नव्हती. बिल्ला होता. पितळेचा, नंबर कोरलेला. सकाळी बिल्ला दिसला नाही तर नंबर दुसऱ्याला जायचा. म्हणून हमालांनी आपसात एक रीत पाडली होती. ज्याला जायचंय त्यानं आपला बिल्ला बिनबिल्ल्याच्या माणसाला द्यायचा. मुनीम बिल्ले मोजायचा, तोंडं बघायचा नाही. बिनबिल्ल्याची अशी आठ-दहा माणसं रोज फाटकाशी उभी असायची. त्यांतला एक जिलानी.

"माझ्यापेक्षा तीन वर्षांनी ल्हान. सत्तावीसचा. शंभर किलोचं पोतं उचलताना गानं म्हनायचा. मुकादम म्हनायचा, पोतं खाली ठिव नायतर गानं खाली ठिव."

सत्त्याऐंशीच्या येळवशीला सगळ्या कचेऱ्या बंद, शाळा बंद, शेठ लोक शेतांत. फक्त रामकिशनशेठच्या गोदामातून मद्रासला जाणारे तीन ट्रक उडीद भरायचा होता. व्यंकटीचं लग्न होऊन वर्ष झालेलं. सासऱ्यानं येळवशीला बोलावलं होतं. फाटकाशी जिलानी म्हणाला, "व्यंकट्या, मला कुटं येळवस हाय? दे तुझा बिल्ला. मी तुझ्याऐवजी व्यंकटी होतो आजच्या दिवस. फक्त येताना आंबील घेऊन ये. उशीर नको करू, आंबून जातंय."

"ते आंबलेलंच असतंय म्हनलं मी," व्यंकटी म्हणाला. "त्येवर हसला. तेच शेवटचं."

दुपारी गोदामातली थप्पी कलली. वीस पोत्यांची उंची. खाली एकच माणूस होता. मुनीम धावत आला, त्यानं छातीवरचा बिल्ला पाहिला आणि वहीत लिहिलं : बेचाळीस. बेचाळीस म्हणजे व्यंकटी. तासाभरात बाजारभर झालं, व्यंकटी गेला.

खरा व्यंकटी दिवस मावळता आंबिलाची चरवी घेऊन फाटकातून आत आला. समोरचा चहावाला त्याला बघून गाडा सोडून पळाला. मुकादम बजरंगनं त्याचा हात धरून त्याला रिकाम्या पोत्यांच्या खोलीत ढकललं. म्हणाला, तू मेलायस, आत बस.

हमालांनी तीन दिवस पोतं उचललं नाही. मागणी एकच : सुट्टी द्या, म्हणजे बिल्ला द्यायची वेळ येणार नाही. चौथ्या दिवशी रामकिशनशेठनं बजरंगला बोलावलं. सुट्टी देतो म्हणाले. पण वहीत बेचाळीस गेलाय तर बेचाळीसच राहू दे. बिनबिल्ल्याचा माणूस गोदामात मेला असं झालं तर मी तुरुंगात जाईन, मुकादम जाईल आणि बिल्ला देणारा पहिला जाईल. व्यंकटी मेला तर कुणीच जात नाही, सुट्टी तेवढी येते.

"अन् तुम्ही कबूल झालात?"

"मला कोन इचारतंय? मी मेलो होतो की," व्यंकटी म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "भेलो होतो सर. लई भेलो होतो."

हमाल जिलानीच्या बायकोकडं, रजियाकडं गेले. त्याला माती त्यांनी पहिल्याच रात्री गुपचूप दिली होती. तिच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर. ती म्हणाली, सुट्टी मिळते ना सगळ्यांना? मग घ्या. नाव मला माहीत आहे.

पुढचं मला ठाऊक होतं, म्हणजे मी ते पाहिलं होतं. संघाच्या कपाटातल्या जुन्या अंकात एक फोटो आहे : 'कै. व्यंकटी यांच्या पत्नीस शिलाई मशीन देताना संस्थापक अध्यक्ष'. बाईचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मला वाटायचं, दुःखानं.

"कुंकू पुसून ये म्हनले होते," सिंधू म्हणाली. "मी म्हनलं, नवरा जिता हाय, न्हाई पुसनार. मग म्हनले पदर तरी घे खाली. आमचे मालक त्या गर्दीत मागं उभे होते, तोंडाला पंचा गुंडाळून. मशीन घेतली अन् दुसऱ्या दिवशी रजियाच्या दारात नेऊन ठेवली. तिची होती ती."

मेलेल्या माणसाला लातुरात काम कोण देणार? ही दोघं अर्धापूरला आली. अडतीस वर्षं केळीचे घड उचलले. व्यंकटी लातूरला वर्षातून एकदाच जायचा. येळवशीला. त्या दिवशी आडत बाजार बंद, ओळखणारे सगळे शेतात. मेलेल्याला गावात फिरायला तेवढा एकच दिवस मोकळा. हातात आंबिलाची चरवी. रजियाच्या घरी ती ठेवायची, मागच्या वर्षीची घासलेली चरवी उचलायची, परत यायचं. दोन पितळी चरव्या, अडतीस वर्षं. रिकामी कधी परत आली नाही, रजिया तिच्यात शेवया भरून द्यायची.

"त्या दिवशी उशीर झाला होता," तो म्हणाला. "म्हनून जातो."

निघताना त्यानं माझं मनगट धरलं. पकड मात्र अजून हमालाचीच होती.

"सर, डॉक्टरनं सांगितलंय, फुप्फुस गेलंय. मरनाचं काय न्हाई, मला सवय हाय. पर मी मेलो की ती पाटी खरी होतीया. मग जिलानी कुठंच न्हाई. जिता हाय तवर छापा. माझा फोटो काढा, हातात पेपर देऊन काढा, म्हंजे तारीख दिसंल. लिहा, हा व्यंकटी जिता हाय, मेला तो जिलानी. एवढं करा."

मी फोटो काढला. नोव्हेंबरच्या अंकात घेतो म्हणालो. शब्द दिला.

आणि लिहिलंही. परतीच्या बसमध्येच लोह्यापर्यंत निम्मं झालं होतं. सतरा वर्षांत मी लिहिलेलं ते पहिलं पान, ज्यात कुणाचंही हार्दिक अभिनंदन नव्हतं. ते थेट प्रेसला द्यायला हवं होतं. प्रेस माझ्या घरासमोर आहे. मी भागवतशेठकडं नेलं. विचारायला नाही, नुसतं कानावर घालायला. आम्ही शिकलेली माणसं घाबरतो तेव्हा त्याला रीतभात म्हणतो.

भागवतशेठनं पान दोनदा वाचलं. चष्मा काढला. "मी पंधरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आम्ही शेतात होतो तवा. निरोप आला. बाबांनी खरंच घास खाली ठेवला होता, सर. तेवढं खरंय." मग पानावरून हात फिरवत म्हणाले, "लई चांगलं लिव्हलंय. पर असं नोव्हेंबरच्या पिवळ्या कागदावर कशाला वाया घालवायलाव? विशेषांकात घेऊ. येळवशीला. रंगीत फोटो येईल त्या माणसाचा."

मला ते पटलं. खरं म्हणजे, पटवून घ्यायला मी तयारच होतो. रंगीत कागदावर माझं नावही चांगलं दिसलं असतं.

व्यंकटीचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा म्हणाला, "निघाला का अंक?" मी रंगीत कागदाचं सांगितलं. तो म्हणाला, "रंगीत कशाला? जिलानी काळाच होता." दुसऱ्यांदा सिंधूनं लावून दिला. नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. नंतर सिंधू म्हणाली, "ते इचारायलेत, किती दिस?"

"पंधरा," मी म्हणालो.

येळवशीच्या दहा दिवस आधी तो गेला. सिंधूनं कळवलं. रडत नव्हती. "आज पुसलं," एवढंच म्हणाली. मला कळायला क्षण लागला की ती कुंकवाचं सांगत होती.

मी भागवतशेठकडं गेलो. ते कॅल्क्युलेटर बाजूला सारून उभे राहिले, दोन मिनिटं शांत. त्यांना वाईट वाटलं, हे मी साक्षीला उभं राहून सांगेन. मग बसून म्हणाले, "सर, एका परीनं बघा. पाटी आता बरोबर झाली. आता कुणाचीच चूक ऱ्हाईली न्हाई. ते पान राहू द्या. बाबांचं अर्धं पान घ्या."

रामकिशनशेठचं अर्धं पान मी लिहिलं. घास, कोपी, डोळ्यातलं पाणी. चांगलं उतरलं. लोकांना आवडल्याचे फोनही आले. नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी तरी लिहिलं असतं, आणि शुद्धलेखनाच्या चुका केल्या असत्या. हे कारण मी स्वतःला त्या आठवड्यात बऱ्याचदा दिलं.

पण सातव्या पानाचा मालक मीच असतो. श्रद्धांजलीचं पान कमिटी तपासत नाही. सगळे आपापले फोटो बघण्यात असतात. तिथं एक चौकट टाकली :

'भावपूर्ण श्रद्धांजली. जिलानी, वय २७. वेळा अमावस्येच्या दिवशी उडदाची थप्पी अंगावर पडून निधन. त्या दिवशी त्यांच्या छातीवर मित्राचा, व्यंकटी यांचा, बिल्ला क्र. ४२ होता. आपल्या बाजारातील येळवशीची सुट्टी ही त्यांची आहे. शोकाकुल : पत्नी रजिया, कै. व्यंकटी आणि सर्व हमाल.'

फोटोची जागा रिकामी. जिलानीचा फोटोच नव्हता. त्यानं कधी काढला नव्हता, आणि मुनिमाच्या वहीला लागला नव्हता.

अंक निघाल्यावर भागवतशेठचा फोन आला.

"सर, सातव्या पानावर कुणी जिलानी हाय. आपला मेंबर हाय का?"

"होता. एक दिवस."

"सत्तावीसचा! अरेरे. पोरसवदा की हो. काय झालं?"

"थप्पी पडली."

"कुनाची?"

"जुनी आहे."

"जुन्या थप्प्या लई वाईट. सभेत विषय घेऊ," ते म्हणाले, आणि पहिल्या पानावरचा त्यांचा फोटो काळपट आल्याचं सांगू लागले. नाव आणि वय वाचून त्यांनी पान उलटलं होतं. मी सुटलो. सुटल्याची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

येळवशीच्या सकाळी शहर ओस होतं. अंक घेऊन मी रजियाबींच्या घरी गेलो. आडत बाजाराच्या मागच्या मोहल्ल्यात दोन खोल्या. दारातच ती मशीन, चाकावरचा रंग पुरता गेलेला. रजियाबी पासष्टीच्या. नात अर्शी दहावीत, पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. उंबऱ्याच्या आत पाटावर घासूनपुसून ठेवलेली पितळी चरवी.

"बैठो सर. व्यंकटीभाई येतीलच," रजियाबी म्हणाल्या. "नांदेडची बस आज भरून येते ना, उशीर होतो."

म्हणजे यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी अंक पुढं केला. आधी हे वाचून दाखवावं, मग ते सांगावं, असा क्रम मी लावला. संपादकाला क्रम लावायची सवय असते.

अर्शीनं चौकट वाचली. सावकाश, शाळेत धडा वाचतात तशी. "वय सत्तावीस" म्हणताना ती थांबली. "दादी, अब्बूंपेक्षा ल्हान?"

"हौ. तुझ्या अब्बूपेक्षा लई ल्हान." रजियाबींनी अंक हातात घेतला आणि रिकाम्या चौकोनावर अंगठा ठेवला. बराच वेळ. मग एकदम मान वर केली. "सर, नाम छापा तुमने. सुट्टी तर नाही ना काढणार?"

"नाही."

"पक्का? इतके साल मैं इसीलिए चुप. नाम के पीछे सुट्टी गेली तर हमाल लोकांना काय तोंड दाखवू?"

"कुणी वाचलंच नाही, रजियाबी. सुट्टी सुरक्षित आहे."

"फिर अच्छा." मग त्यांनी परत वाचायला सांगितलं. अर्शी दुसऱ्यांदा वाचू लागली. शेवटच्या ओळीत 'कै. व्यंकटी' आलं आणि रजियाबी हसल्या. "अजून कैलासवासीच लिहिताय त्याला? आता तरी जिता करायचा होता ना भाईला. येऊ दे, दाखवते त्याला."

माझी नजर चरवीवर गेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चरवीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, उतरायचं विसरल्यासारखं.

"कधी?"

"दहा दिवस झाले."

मशीनच्या चाकावर हात ठेवून त्या बसून राहिल्या. बाहेर कुणाची तरी शेताकडं निघालेली रिक्षा गेली, तिच्यात बायका गाणं म्हणत होत्या.

"हे वाचलं का त्यानं?"

"नाही. मी उशीर केला."

"वो भी उशीरच आला होता," रजियाबी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं उठल्या. डब्यातून शेवया काढल्या, चरवीत भरल्या, वर फडकं बांधलं. "सिंधूला द्या. सुतक संपल्यावर करून खा म्हणावं. आणि दुसरी चरवी तिच्याकडंच राहू दे. आता ने-आण कोण करणार?"

दुपारच्या नांदेड बसमध्ये चरवी मांडीवर घेऊन बसलो. गाडी जवळजवळ रिकामी. चाकूरच्या पुढं दोन्ही बाजूंना शेताशेतांत कोप्या, माणसं, धूर. तिकीट फाडताना कंडक्टरनं फडक्याकडं पाहिलं.

"आंबील हाय का सर? आमची तर येळवस गाडीतच."

"नाही," मी म्हणालो.

त्याला वाटलं, मी द्यायचं टाळतोय. "हाव, असू द्या," म्हणत तो पुढं गेला.